मदत हवी आहे: इमोलाला आयर्टन सेनाच्या पुतळ्यापाशी कसं जायचं?

मंडळी, पुढच्या महिन्यात कामानिमित्त इटलीत बोलोन्याला जातोय. तिथून इमोला रेल्वेने जवळच, मग ब्राझीलचा फॉर्म्युला वन ड्रायव्हर आयर्टन सेनाला भेटल्याशिवाय परतणं शक्यच नाही! १ मे १९९४ ला इमोलाच्या शर्यतीत तांबुरेलो वळणावरच्या अपघातात तो गेला. तिथल्या बागेत त्याचा मान खाली घालून बसलेला पुतळा आहे, कुंपणाला चाहते ब्राझीलचे झेंडे बांधतात. शर्यत नसताना बाग उघडी असते का? स्टेशनवरून चालत जमेल? आणि आदल्याच दिवशी पात्रता फेरीत गेलेल्या ऑस्ट्रियन ड्रायव्हर रोलांड रात्झनबर्गरची तिथे काही खूण आहे का? त्याला बिचाऱ्याला फार कमी जण आठवतात. सेनाच्या गाडीत मात्र त्याच्यासाठी ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला होता. मीही दोन्ही झेंडे नेणार आहे, तिथे बांधू देतात ना?