मदत हवी आहे: २.४ गिगाहर्ट्झ अँटेनाचं मॅचिंग जमत नाहीये, पाय नेटवर्कमध्ये काय व्हॅल्यू टाकू?

नमस्कार मंडळी, तीन आठवडे एकाच ठिकाणी अडकलोय म्हणून विचारतोय. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला अंदाज यायचा नाही.

बॅटरीवर चालणारा छोटा तापमान सेन्सर बनवतोय, ब्लूटूथ लो एनर्जीवाला. चिपच्या आउटपुटला डेटाशीटमध्ये दिलेलं मॅचिंग (पॉवर परत न येता अँटेनात जावी म्हणून इम्पीडन्स, म्हणजे ओहममधला एसी रोध, जुळवणं) जसंच्या तसं घेतलंय, त्याच्यापुढे पाय नेटवर्कचे (π आकारात जोडलेल्या तीन पार्टच्या जुळणीचे) तीन पॅड, सध्या मधल्यावर शून्य ओहमचा रेझिस्टर आणि बाजूचे दोन्ही रिकामे, तिथून १८ मिमीचा सरळ ट्रेस (बोर्डावरची तांब्याची रेघ) आणि मग बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेला इन्व्हर्टेड एफ अँटेना. अँटेना ॲप्लिकेशन नोटमधल्या ड्रॉइंगवरून मापं मोजून काढलाय, त्याच्याखालचं कॉपर दोन्ही लेयरवर साफ काढलंय, ग्राउंडच्या कडेने वायाही (लेयर जोडणारी छिद्रं) मारलेत.

अडचण अशी की तेच फर्मवेअर डेव्हलपमेंट किटवर टाकलं की आरएसएसआय (मिळणाऱ्या सिग्नलची ताकद) छान येतो आणि माझा बोर्ड त्याच टेबलावर त्याच जागी ठेवला की सहा डीबीने कमी. सहा डीबी म्हणजे मोकळ्या जागेतसुद्धा रेंज निम्मी, आणि हा सेन्सर तर भिंतीपलीकडे बसणार आहे.

मग व्हीएनए (अँटेनाचं मॅचिंग मोजायचं यंत्र) आणला, ३ गिगाहर्ट्झपर्यंतचा छोटावाला. शून्य ओहम काढून ट्रेसच्या सुरुवातीला पिगटेल (छोटी केबल) सोल्डर केली आणि बघितलं तर २.४५ ला एस११ (परत येणाऱ्या सिग्नलचं माप, जितकं खाली तितकं चांगलं) फक्त -३.५ डीबी, म्हणजे जवळजवळ ४५ टक्के पॉवर परत येतेय. वैतागून एका बोर्डावर ट्रेस ब्लेडने कापला आणि पिगटेल थेट अँटेनाच्या पायाशी लावली, तर तिथे -११! म्हणजे अँटेना बरा आहे असं धरायचं का? मग मधे होतं काय?

ट्रेस ०.३८ मिमी रुंद आहे, ५० ओहमसाठी कॅल्क्युलेटरवर काढलेला. बाजूचं ग्राउंड १.५ मिमी लांब ठेवलंय. बोर्ड आधी चार लेयरचा होता, पण इतक्या छोट्या सर्किटला चार लेयर कशाला म्हणून नंतर दोन लेयर १.६ मिमी एफआर४ (नेहमीचं ग्लास-इपॉक्सी बोर्ड) वर आणला, बाकी आरएफ भागाला हात लावला नाही.

पाय नेटवर्कमध्ये काय टाकलं तर हे सुधारेल? ०४०२ (१ × ०.५ मिमी) साइझचे कपॅसिटर इंडक्टर पडलेत, पण आंधळेपणाने बदलत बसायचं नाहीये.

प्रतिसाद

व्हॅल्यू शोधायच्या आधी तुमचा शेवटून दुसरा परिच्छेदच परत वाचा, घोळ तिथेच आहे. ०.३८ हा आकडा चार लेयरच्या स्टॅकअपचा (थरांच्या रचनेचा) असणार, जिथे वरच्या लेयरखाली साधारण ०.२ मिमीवर ग्राउंड असतं. आता ग्राउंड गेलंय १.६ मिमी खाली. तोच ट्रेस आता ११५ ते १२० ओहमचा झालाय. ५० चा साधा मायक्रोस्ट्रिप (फक्त खाली ग्राउंड असलेला ट्रेस) १.६ मिमी एफआर४ वर करायचा तर रुंदी ३ मिमीच्या आसपास लागते.

आणि त्यात लांबी नेमकी नडली. हवेत २.४५ ची वेव्हलेंग्थ १२२ मिमी, तुमच्या ट्रेसवर ती ७२-७३ होते, म्हणजे १८ मिमी हा बरोब्बर पाव वेव्हलेंग्थ. असा तुकडा ट्रान्सफॉर्मरसारखा वागतो, ११५ चा वर्ग भागिले ५०, म्हणजे पलीकडे ५० चा अँटेना असला तरी अलीकडे पावणेतीनशे ओहमच्या आसपास दिसतात. तुमचं -३.५ त्यातूनच आलंय. ट्रेस ३-४ मिमीचा असता तर ही चूक इतकी दिसलीही नसती.

पाय नेटवर्कने हे ओढून ५० वर आणता येईल, नाही असं नाही, पण बँडविड्थ कमी होईल, इंडक्टरमध्ये लॉस जाईल, आणि पार्ट टॉलरन्समुळे प्रत्येक बोर्ड वेगळा वागेल. ते पॅड अँटेनाची उरलीसुरली चूक सुधारायला ठेवा.

नवीन बोर्ड मागवण्याआधी खात्री करून घ्या. न कापलेल्या बोर्डावर ट्रेसवरचा सोल्डर मास्क खरवडा, तांब्याच्या पट्टीचा २.२ मिमी रुंद तुकडा कापून त्यावर पूर्ण लांबीभर सपाट सोल्डर करा. ३ मिमीची नको, कारण बाजूचं ग्राउंड मग अगदी जवळ येईल आणि इम्पीडन्स ५० च्या बराच खाली जाईल. कॅलिब्रेशन पिगटेलच्या टोकाशीच करा: उघडी, शॉर्ट, आणि लोडसाठी १०० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर. केबलवर फेराइट घाला, नाहीतर केबलच अँटेनाचा भाग बनते आणि हात लावला की ग्राफ हलतो.

धागाकर्ता

खूप खूप आभार, पट्टी लावली! तेवढ्यावर एस११ -३.५ वरून -१० वर आला, मला तर तीनदा कॅलिब्रेशन करून बघावं लागलं तेव्हा विश्वास बसला. ग्राफ हातानं हलत होता तेही फेराइटने थांबलं.

फक्त प्लास्टिकचं झाकण लावलं की डिप (ग्राफमधला सगळ्यात खालचा बिंदू) २.४५ वरून २.३८ ला सरकतो. हे पाय नेटवर्कने ओढू की अँटेना छोटा करू?

प्रतिसाद

अँटेना. प्लास्टिक जवळ आलं की फ्रिक्वेन्सी खाली येणारच. टोकाकडून ब्लेडने अर्धा अर्धा मिमी कापत जा आणि दर वेळी झाकण लावून, बॅटरी आत ठेवून मोजा. डिप २.४४ ला आला की थांबा, तीच लांबी नवीन लेआउटला घ्या. आणि नवीन बोर्डात ट्रेस कोप्लेनर (त्याच लेयरवर बाजूला जवळ ग्राउंड असलेला) करा, रुंदी १.२, दोन्ही बाजूंना ०.२ चा गॅप, खाली सलग ग्राउंड, कडेने वाया. ३ मिमीच्या पट्ट्यापेक्षा हे ०४०२ च्या पॅडला नीट जुळतं. पाय नेटवर्क आणि अँटेना जवळ आणता आले तर १८ मिमी पण ठेवू नका.