स्पेक्ट्रमवर बेसिकचा प्रोग्रॅम फारच रखडतोय, वेग कसा वाढवावा?

खडूफळा:
मामा लेस्टरहून येताना माळ्यावर पडून असलेला झेडएक्स स्पेक्ट्रम (जुना घरगुती संगणक) घेऊन आला. ४८के, रबरी बटणांचा. कीबोर्डच्या आतली पट्टी बदलली, बाकी यंत्र ठणठणीत आहे. त्यावर बेसिक या भाषेत कॉनवेचा 'लाइफ' लिहिलाय, शेजाऱ्यांच्या संख्येवरून घरं जगवणारा-मारणारा खेळ. ३२ बाय २४ घरं, दोन अ‍ॅरे, प्रत्येक घराचे आठ शेजारी मोजायचे, बास. पण एका पिढीला दीड मिनिटाच्या वर लागतं! सुरुवातीला सूचना आणि मांडणी, मुख्य लूप ५०० पासून, शेजारी मोजायचं सबरूटीन ८००० वर. मशीन कोड (प्रोसेसरची थेट भाषा) शिकायची तयारी आहे, पण आधी बेसिकमध्येच काही जमेल का? मित्र म्हणतो, १९८२ च्या यंत्राकडून आणखी काय हवंय तुला.

झेडऐंशी:
मित्राला चहा पाजा आणि घरी पाठवा. यंत्र मंद नाही. ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८०ए प्रोसेसर म्हणजे सेकंदाला पस्तीस लाख ठोके. मंद आहे तो रॉममधला (कायमच्या मेमरीतला) बेसिक. नाइन टाइल्स कंपनीच्या स्टीव्ह विकर्सनी तो आधीच्या झेडएक्स८१ च्या ८के रॉमवरून वाढवत १६के पर्यंत नेला. त्या सगळ्या घराण्यात जागेची काटकसर आधी, वेग नंतर. रिकामा फॉर-नेक्स्ट हजार वेळा फिरवून बघा, साडेचार-पाच सेकंद जातात. बीबीसी मायक्रो हा दुसरा संगणक तेच सेकंदभरात उरकतो.

आधी मोजायला शिका. मेमरीत २३६७२ या पत्त्यापासूनच्या तीन बाइटांत सेकंदाला पन्नासदा वाढणारा आकडा असतो. लूपच्या आधी आणि नंतर पीक २३६७२ + २५६ * पीक २३६७३ घ्या (पीक म्हणजे त्या पत्त्यावरचा आकडा वाचणं), वजाबाकी करा, पन्नासने भागा. हे न करता वेग वाढवायला निघालेले लोक नको तिथेच घाम गाळतात.

आता तुमचं ८००० वरचं सबरूटीन. स्पेक्ट्रम गो सबला (सबरूटीन बोलावणाऱ्या आज्ञेला) ओळ शोधताना दरवेळी प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीपासून चालत येतो. लूप फिरवणाऱ्या नेक्स्टलासुद्धा. म्हणजे तुमच्या सूचनांच्या सगळ्या ओळी तो प्रत्येक घरासाठी ओलांडतोय. पहिल्या ओळीत गो टू ९०००, मांडणी तिकडे, आणि सतत फिरणारा भाग अगदी वर. व्हेरिएबलांचंही तसंच, यादी सुरुवातीपासून शोधली जाते, म्हणून आतल्या लूपची व्हेरिएबलं सगळ्यात आधी जन्माला घाला. शेजारी मोजायला तर सबरूटीनच नको, सरळ आत लिहा.

नेटवरचे कॉमोडोर ६४ चे सल्ले मात्र इथे लावू नका. "आकडे व्हेरिएबलमध्ये ठेवा" हे तिथे खरं, कारण तो प्रत्येक वेळी आकडा अक्षरांवरून वाचतो. स्पेक्ट्रम ओळ टाइप करतानाच आकड्यामागे पाच बाइटांत त्याचं तयार रूप दडवून ठेवतो. व्हॅल "१०" (आकडा अक्षरांत लिहून प्रोग्रॅम चालताना काढणं) वगैरे युक्त्या मेमरी वाचवतात आणि वेग खातात. तुम्हाला लाइफमध्ये लागणार नाही, पण सांगून ठेवतो: वर्गासाठी घाताचं चिन्ह कधी वापरू नका, स्वतःला स्वतःने गुणा. घात तो लॉगॅरिदम काढून करतो, वर्गमूळही त्याच वाटेने. आणि ऋण आकड्याचा वर्ग मागितलात तर 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' म्हणून मोकळा होतो.

आता खरी गंमत. अ‍ॅरे फेकून द्या. पडद्याच्या रंगांची मेमरी २२५२८ पासून ७६८ बाइट, म्हणजे ३२ बाय २४! तुमची पाटी आयती तिथेच आहे. मेलेलं घर ०, जिवंत घर ३२ (हिरवा पेपर, म्हणजे पार्श्वभूमी). चित्र काढायचं कामच उरत नाही. पत्ता 'अ' असेल तर शेजारी अ-३३, अ-३२, अ-३१, अ-१ आणि पुढचे चार तसेच. आठ पीकांची बेरीज करा. भागायची गरज नाही: ९६ आली तर जिवंत, ६४ आली तर आहे तसं, नाहीतर मेलं. वरच्या कडेच्या वर पिक्सेलची मेमरी, ती कोरी असेल तर शून्य. खालच्या कडेखाली प्रिंटर बफर, तोही शून्य. त्या कडा फुकटात सांभाळल्या जातात. उजवी कड पुढच्या ओळीच्या डावीला जोडली जाते, म्हणजे जग थोडं तिरकं गुंडाळलेलं, पण मला ते आवडतं. एक जपा: पेपर, इंक, बॉर्डर सगळं काळं करून पडदा पुसलात तरी खालच्या दोन ओळींत ७ भरलेला असतो. २३२३२ ते २३२९५ आधी शून्य करा, नाहीतर बेरजा बिघडतील.

नवी पिढी ५०००० पासून पोक करा, मेमरीत लिहा (त्यावरची जागा राखायला क्लिअर ४९९९९ आधी), म्हणजे अ+२७४७२ वर. मग ती पडद्यावर आणायला बेसिकचा लूप नको, तो दहाएक सेकंद खाईल. ५१००० पासून हे बारा बाइट पोक करा:

३३, ८०, १९५, १७, ०, ८८, १, ०, ३, २३७, १७६, २०१

आणि ते चालवायला रँडमाइझ यूएसआर ५१०००. एचएल, डीई, बीसी हे प्रोसेसरमधले कप्पे: एचएलमध्ये ५००००, डीईमध्ये २२५२८, बीसीमध्ये ७६८, मग एलडीआयआर (एचएलपासून डीईकडे बीसीइतके बाइट नकलणं) आणि रेट (परत). बाइटला २१ ठोके, एकूण पाच मिलिसेकंदांच्या आसपास. मशीन कोडची सुरुवात एवढ्यानेच करावी.

मोड_सात:
आमच्या शाळेत क्लास या शालेय संगणक-शिक्षण प्रकल्पातले बीबीसी मायक्रो होते, त्यामुळे स्पेक्ट्रमवाल्यांची कीव करायची जुनी सवय आहे :) पण मुद्दा यंत्राचा नाहीच. बहुतेक घरं मेलेली असताना प्रत्येकाचे आठ शेजारी का विचारायचे? उलटं करा. जिवंत घर सापडलं की त्याच्या आठ शेजाऱ्यांच्या खात्यात एकेक वाढवा. साठ घरं जिवंत असतील तर ४८० वेळा वाढवणं, ६१४४ वेळा विचारण्याऐवजी.

झेडऐंशी:
बीबीसीवाल्यांकडून शहाणपण ऐकायची वेळ आली, पण बरोबर आहे. मात्र एक खड्डा आहे. खाती ५०००० पासून ठेवलीत तर वरच्या ओळीचे शेजारी ४९९६७ पर्यंत जातात, आणि रॅमटॉपच्या (क्लिअरने ठरवलेल्या हद्दीच्या) लगेच खाली मशीन स्टॅक, म्हणजे परतीचे पत्ते ठेवायची जागा, आहे. तिथे पोक केलंत की यंत्र आपटलंच. क्लिअर ४९८९९ करा. दर पिढीला खाती पुसताना कडेबाहेरचीही पुसा, नाहीतर काही काळाने एखादं २५५ च्या पुढे जाईल आणि पोक 'इंटिजर आउट ऑफ रेंज' म्हणेल. पुसायलाही एलडीआयआरच: पहिल्या बाइटात शून्य, एचएल तिथे, डीई एक पुढे. शून्य स्वतःच पुढे पुढे सरकत जातं. नवी पिढी आता थेट पडद्यावर पोक होईल, त्यामुळे माझे बारा बाइट निवृत्त.

खडूफळा:
काका, रंगांच्या मेमरीने अर्ध्या मिनिटावर आलो! मोड_सात यांच्या पद्धतीने विरळ नक्षी असेल तर विसेक सेकंद. दाट गर्दीत फारसा फरक नाही, ते अपेक्षितच. आता उरलेला वेळ ७६८ घरं दोनदा पिंजण्यात जातोय, आणि तो बेसिकमध्ये हटत नाही. पूर्ण मशीन कोडमध्ये लिहिलं तर कुठे ठेवू?

झेडऐंशी:
३२७६८ च्या वर, कुठेही. त्याखालचा १६के यूएलए (चित्र काढणारी चिप) पडदा रंगवायला वापरतो आणि पडद्याच्या १९२ रेषा काढताना झेड८०ला थांबवून ठेवतो. वरच्या ३२केमध्ये हा अडथळा नाही. नीट लिहिलंत तर सेकंदाला वीसेक पिढ्या निघाव्यात. टेबल २५६ च्या पटीतल्या पत्त्यावर ठेवा, म्हणजे इंक एचएलच्या (एकने वाढवायची आज्ञा, रंगाची इंक नव्हे) ६ ठोक्यांऐवजी इंक एलचे ४ पुरतात. ए या कप्प्याला शून्य करायला एक्सॉर ए, ७ च्या जागी ४ ठोके.

पुढे कधी पूर्ण पिक्सेल पडदा पुसायचा झाला तर ६१४४ बाइटांना एलडीआयआर १,२९,००० ठोके घेतो, आणि एक फ्रेम (पडदा एकदा रंगवायचा वेळ) असते ६९,८८८ ची. तिथे एसपी (स्टॅकचा पत्ता) पडद्याच्या शेवटी नेऊन पुश (स्टॅकवर टाकणं) करत सुटा: ११ ठोक्यांत दोन बाइट, लूपचा खर्च सोडून ३३,७९२. एसपी आधी जपून ठेवा आणि सुरू करण्यापूर्वी डीआय (इंटरप्ट बंद) द्या, कारण मध्येच इंटरप्ट आला तर परतीचा पत्ता पडद्यावरच ठिपके बनून उमटेल.