मदत हवी आहे : सुपरमॅनचा अर्ज छाननीतच बाद होईल का?

मंडळी, आमच्या कॉमिक्सवेड्या टोळीने अमेरिकी अध्यक्षपदाची लुटुपुटूची निवडणूक काढलीय. मी सुपरमॅनचा प्रचारप्रमुख, आणि इथेच घोडं अडलंय. तिथल्या घटनेनुसार उमेदवार जन्माने अमेरिकी नागरिक हवा, वय किमान ३५, देशात १४ वर्षं वास्तव्य. आमचा गडी क्रिप्टॉन या परग्रहावरचा! कॅन्ससच्या शेतकरी जोडप्याने वाढवलं, एवढ्यावर भागेल? समोर बॅटमॅन. पैसा बक्कळ, पण मालमत्ता जाहीर करताना गुहेतली ती गाडी कुठल्या रकान्यात दाखवणार? कॅप्टन अमेरिकाने १९८०च्या अंकात उभं राहायला चक्क नकार दिला होता. सुपरमॅनचा कट्टर वैरी लेक्स लूथर मात्र कॉमिक्समध्ये निवडूनही आलाय, बोला आता! ५३८ पैकी २७० इलेक्टोरल मतं (राज्यागणिक ठरलेली निवडमंडळाची मतं) हवीत; कॅन्ससची ६ धरली, पुढे कुठली राज्यं पकडू? शनिवारी वादसभा आहे, त्याआधी सांगा.