दुप्पट वाढ ठीक, पण पॉइंटरचं काय?

C मध्ये वाढता बफर (डेटा ठेवायची मेमरीतली सलग जागा) लिहिताना जागा संपली की क्षमता दुप्पट करावी, बाकीचं रिअ‍ॅलॉक बघून घेतो, असा एक सल्ला आहे. त्यातलं दुप्पट करणं बरोबरच. दर वेळी १६-१६ बाइट वाढवत बसलं तर सगळा वेळ कॉपी करण्यातच जातो. पण ‘बाकीचं रिअ‍ॅलॉक (घेतलेली मेमरी वाढवणारं, लागलं तर डेटा दुसरीकडे हलवणारं फंक्शन) बघून घेतो’ हे पटलं नाही. बफरमधलाच एखादा तुकडा त्याच बफरच्या शेवटी जोडायचा असेल तर? रिअ‍ॅलॉकने डेटा दुसरीकडे हलवला की तुकड्याचा पॉइंटर (त्याचा मेमरीतला पत्ता) लटकलाच, म्हणजे सोडून दिलेल्या जुन्या जागेकडेच बोट दाखवत राहिला. म्हणून आधी तुकड्याचं बफरच्या सुरुवातीपासूनचं अंतर काढून ठेवायचं आणि वाढवून झाल्यावर ते नव्या पत्त्यात मिळवायचं.

चाचणीत ही चूक सहसा सापडत नाही, कारण मेमरीचा ब्लॉक बऱ्याचदा जागच्या जागीच वाढतो आणि जुना पॉइंटर चालून जातो (वैताग आहे खरा). म्हणून डीबग बिल्डमध्ये (चुका शोधायच्या आवृत्तीत) मी रिअ‍ॅलॉक वापरतच नाही: नवा मॅलॉक (नवी मेमरी घेणं), कॉपी, जुन्या जागेत कचरा भरून मग फ्री (ती परत करणं).