नॉर्थ कॅरोलिना सुटले, मिसूरी अडकले: चाहत्यांनी नेमके काय मानायचे?

केरीकर

नमस्कार मंडळी,

मी नॉर्थ कॅरोलिनातील रॅली शहराजवळच्या केरीत राहतो आणि चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा जुना चाहता आहे. आमच्या थोरल्या मुलीने तिथूनच पदवी घेतली, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी खेळापुरता मर्यादित नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांची माहिती असलेले बरेच सदस्य इथे आहेत, म्हणून प्रश्न इथेच मांडतो.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. १९९३ ते २०११ या काळात तिथल्या आफ्रिकी व आफ्रो-अमेरिकी अभ्यास विभागात अनेक वर्ग केवळ कागदोपत्री चालत होते; त्यांनाच 'पेपर क्लास' म्हणतात. तास होत नसत, प्राध्यापकांची गाठ पडत नसे. सत्राच्या शेवटी एक निबंध द्यायचा आणि विभागाच्या कार्यालयीन व्यवस्थापक डेबोरा क्राउडर, ज्या स्वतः अध्यापक नव्हत्या, त्याला बहुधा वरचीच श्रेणी देत. केनेथ वेनस्टीन यांचा चौकशी अहवाल २२ ऑक्टोबर २०१४ रोजी आला, तेव्हा अशा वर्गांतून ३,१०० हून अधिक विद्यार्थी गेल्याचे आणि त्या वर्गांतील जवळपास निम्मी नोंदणी खेळाडूंची असल्याचे स्पष्ट झाले. विद्यापीठाच्या एकूण विद्यार्थ्यांत खेळाडूंचे प्रमाण मात्र अगदी थोडे आहे.

यानंतर महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था एनसीएए मोठी शिक्षा करील, २००५ चे विजेतेपद काढून घेतले जाईल, अशी धास्ती आम्हा सर्वांना होती. १३ ऑक्टोबर २०१७ रोजी निकाल आला आणि विद्यापीठावर कोणतीही मोठी कारवाई झाली नाही. हे वर्ग खेळाडूंखेरीज इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते आणि विद्यापीठ स्वतः त्या श्रेणींच्या पाठीशी उभे होते, त्यामुळे नियमभंग झाला असे ठरवता येत नाही, असे एनसीएएच्या समितीचे म्हणणे होते. आमच्याकडे त्या दिवशी सणासारखे वातावरण होते.

माझा प्रश्न असा आहे की शिक्षा टळल्याचा आनंद मानणे आणि गैरव्यवहार झाला हे मोकळेपणाने मान्य करणे, या दोन्ही गोष्टी एकाच चाहत्याला शोभतात का? आणि २००५ च्या विजेतेपदाचा क्रीडागृहात टांगलेला बॅनर विद्यापीठाने आपणहून उतरवावा, अशी मागणी आम्हीच करायला हवी का? त्या संघातील रशाद मकँट्स याने २०१४ मध्ये जाहीरपणे सांगितले होते की २००५ च्या वसंत सत्रात वर्गात पाऊल न ठेवता त्याला सर्व विषयांत वरची श्रेणी मिळाली. प्रशिक्षक रॉय विल्यम्स यांनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याचे म्हणणे फेटाळले. तरीही तो बॅनर पाहताना माझे मन पूर्वीसारखे निर्धास्त राहत नाही.

कोलंबियाकर

केरीकर, प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहितो. मी मिसूरी विद्यापीठाच्या गावात राहतो आणि आमच्या भागात तुमच्या त्या निकालाचा उल्लेख आजही संतापानेच होतो.

आमच्याकडे शिकवणी घेणाऱ्या एका महिलेने बारा खेळाडूंच्या अभ्यासक्रमाचे काम स्वतः करून दिले आणि २०१६ मध्ये स्वतःच विद्यापीठाला तसे कळवले. विद्यापीठाने काहीही दडवले नाही, चौकशीत साथ दिली, दोष कबूल केला. ३१ जानेवारी २०१९ रोजी त्याचे फळ पदरात पडले: फुटबॉल, बेसबॉल आणि सॉफ्टबॉल या तिन्ही संघांवर एका वर्षासाठी हंगामोत्तर सामन्यांची बंदी, शिष्यवृत्त्यांत कपात, दंड, आणि ते खेळाडू ज्यांत खेळले ते विजय रद्द. प्रशिक्षकांनी हे करवून घेतले असे कुठेही सिद्ध झाले नव्हते. समितीने आपल्या निर्णयपत्रातच तुमच्या विद्यापीठाशी तुलना केली आहे. तिचा आशय असा, की नॉर्थ कॅरोलिना आपल्या वर्गांच्या आणि श्रेणींच्या बाजूने ठाम राहिले, तर मिसूरीने गैरप्रकार मान्य केला. म्हणजे ज्याने खरे सांगितले तो अडकला. हे वाचल्यावर आमच्या चाहत्यांनी कोणता धडा घेतला असेल, ते तुम्हीच सांगा.

बंदीचा भार कोणावर पडला, तेही पाहा. केली ब्रायंट हा फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक (आक्रमणाचा सूत्रधार) शेवटच्या वर्षासाठी क्लेमसनहून आमच्याकडे आला होता. बंदीमुळे शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंना दुसरीकडे जाण्याची मुभा मिळाली होती, तरी तो थांबला. त्या बारा जणांच्या प्रकरणाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. आमचे अपील नोव्हेंबरच्या अखेरीस, हंगामाच्या शेवटच्या सामन्याला अवघे तीन दिवस उरले असताना फेटाळले गेले. आर्कान्सासविरुद्धचा तो सामना आमच्या मुलांनी जिंकला, सहा विजय पूर्ण झाले, एरवी तेवढ्यावर 'बोल' सामन्याची, म्हणजे हंगामानंतरच्या मानाच्या सामन्याची, पात्रता मिळते. त्यांचा हंगाम मात्र तिथेच संपला.

तुमच्या बॅनरविषयी माझे काही म्हणणे नाही. शिक्षा टळल्याचा आनंद मात्र तुम्ही एकांतात मानावा, एवढी विनंती आहे.

सेंट पॉलवासी

कोलंबियाकरांचा राग मी समजू शकतो, पण तो एका विद्यापीठावरून दुसऱ्यावर ढकलून मूळ प्रश्न सुटत नाही. मिनेसोटात आम्ही हे सर्व १९९९ मध्येच अनुभवले आहे.

१० मार्च १९९९ रोजी, राष्ट्रीय स्पर्धेतील पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी, 'सेंट पॉल पायोनियर प्रेस'ने बातमी छापली की बास्केटबॉल खेळाडूंच्या अभ्यास विभागात काम केलेल्या जॅन गँगेलहॉफ यांनी काही वर्षांत किमान वीस खेळाडूंसाठी चारशेहून अधिक निबंध आणि गृहपाठ लिहून दिले. चार खेळाडूंना तातडीने संघाबाहेर बसवावे लागले आणि गोंझागाविरुद्ध आमचा संघ ७५–६३ असा हरला. त्यानंतर चाहत्यांनी कोणाला धारेवर धरले असेल? वृत्तपत्राला. कार्यालयात संतप्त फोन आणि पत्रे यांचा पाऊस पडला, आणि बातमीच्या वेळेवर राज्यपाल जेसी व्हेंचुरा यांनीही जाहीर टीका केली. निबंध खरोखर कोणी लिहिले, हा प्रश्न त्या आठवड्यात फारच थोड्यांनी विचारला. पुढे सगळे आरोप खरे ठरले, प्रशिक्षक क्लेम हॅस्किन्स यांना जावे लागले, १९९७ ची अंतिम चार संघांतील कामगिरी नोंदींतून पुसली गेली, बॅनर उतरला, आणि त्या वार्ताहराला २००० सालचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

केरीकर, चॅपल हिलमध्येही हेच घडले. खेळाडूंना वाचन-लेखनासाठी मदत करणाऱ्या मेरी विलिंगहॅम यांनी आवाज उठवला, तेव्हा त्यांना चाहत्यांकडून धमक्यांपर्यंत सर्व काही सोसावे लागले. त्यांच्या आकडेवारीवर विद्यापीठाने आक्षेप घेतले आणि त्यांपैकी काहींवर वाद होऊ शकतो. परंतु ते वर्ग अस्तित्वात होते, हा त्यांचा मूळ मुद्दा वेनस्टीन अहवालाने निःसंदिग्धपणे खरा ठरवला. बॅनर उतरवायचा की नाही, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. ज्या माणसांनी खरे सांगितले त्यांच्याशी आपण चाहते म्हणून कसे वागलो, याचा हिशेब आधी व्हायला हवा.

शिकवणीताई

मी एका मोठ्या विद्यापीठात (नाव लिहीत नाही) खेळाडूंच्या अभ्यास केंद्रात लेखनाची शिकवणी घेत असे, म्हणून जरा लांबून येणारी चर्चा टेबलापाशी आणते.

आमच्या केंद्रात पहिल्याच दिवशी सांगितले जाई की विद्यार्थ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही आणि त्याच्या कागदावर पेन टेकवायचे नाही. प्रश्न विचारायचे, वाक्य त्यालाच रचू द्यायचे. ऐकायला हे सोपे वाटते. पहाटेचा व्यायाम, दुपारचा सराव आणि मधले तास उरकून रात्री आठ वाजता समोर बसलेल्या मुलाचे डोळे मिटत असतात, दुसऱ्या दिवशी सकाळी निबंध द्यायचा असतो, आणि एक परिच्छेद आपणच सांगून टाकला तर दोघेही घरी जाऊ शकतात. मिसूरीतील बारा जणांचे प्रकरण अशाच टेबलावर सुरू झाले असेल, असे मला मनापासून वाटते.

चॅपल हिलचे प्रकरण याहून वेगळे आहे, कारण तिथे व्यवस्थाच उभी राहिली होती. क्राउडर २००९ मध्ये निवृत्त झाल्यावर खेळाडूंच्या अभ्यास समुपदेशकांनी फुटबॉल प्रशिक्षकांपुढे एक सादरीकरण केले, ते अहवालात दिले आहे. आपण खेळाडूंना अशा वर्गांत घालत होतो जिथे त्यांना जावे लागत नसे, टिपणे काढावी लागत नसत, जागे राहावे लागत नसे, प्राध्यापकांना भेटावे लागत नसे. आणि हे वर्ग आता उरलेले नाहीत, असे त्यात लिहिले होते. त्याच सत्रात फुटबॉल संघाची सरासरी श्रेणी दहा वर्षांतील नीचांकावर आली. मी ते पान वाचले तेव्हा माझ्या टेबलासमोर बसणारी मुले डोळ्यांपुढे आली आणि मला अतोनात वाईट वाटले.

आणखी एक गोष्ट या धाग्याशी थेट जोडलेली आहे. अहवालानुसार क्राउडर यांना अडचणीतल्या विद्यार्थ्यांविषयी खरी कणव होती, आणि त्या स्वतः बास्केटबॉल संघाच्या कट्टर चाहत्या होत्या. इतक्या, की संघ हरला की कधी कधी दुसऱ्या दिवशी त्यांना कामावर येणे जमत नसे. म्हणून चाहत्यांचे प्रेम आणि हा गैरव्यवहार यांना दोन वेगळ्या खणांत ठेवता येत नाही.

त्या काळात खेळाडूंना पगार नव्हता. स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची परवानगी २०२१ मध्ये आणि विद्यापीठाकडून थेट मोबदला २०२५ मध्ये सुरू झाला. त्याआधी शिक्षण हाच त्यांचा मोबदला होता, आणि पेपर क्लासने तोच बुडवला. मकँट्सची तक्रार मी अशी वाचते. विजय रद्द केल्याने त्यातले काहीही परत मिळत नाही.

नियमनिष्ठ

एनसीएएवर सर्वांचा राग दिसतो, पण अभ्यासाचा दर्जा ठरवणे हे तिचे काम असावे का, याचाही विचार व्हावा. तिच्या नियमांनुसार शैक्षणिक गैरव्यवहार कोणता, हे मुख्यतः विद्यापीठच ठरवते. खरा अधिकार विद्यापीठाला मान्यता देणाऱ्या संस्थेकडे होता आणि तिने जून २०१५ मध्ये चॅपल हिलला एक वर्ष परिवीक्षेखाली ठेवले. ही कारवाई कोणत्याही बॅनरपेक्षा गंभीर होती, पण खेळाचे चाहते तिच्याविषयी क्वचितच बोलतात. मला खटकते ते वेगळेच: याच संस्थेशी झालेल्या पत्रव्यवहारात विद्यापीठाने या प्रकाराला शैक्षणिक गैरव्यवहार म्हटले होते आणि एनसीएएपुढे मात्र ती शब्दयोजना चुकीची असल्याचे सांगितले. नोत्र दाम विद्यापीठाने आपल्याकडच्या शैक्षणिक गैरप्रकारात उलट आपल्या आचारसंहितेनुसार श्रेणी बदलल्या, त्यामुळे खेळाडू मागील तारखेने अपात्र ठरले आणि २०१२ व २०१३ च्या हंगामांतील २१ विजय गेले. कोलंबियाकरांचा मुद्दा त्यामुळे केवळ मिसूरीपुरता नाही, तो मला पटतो.

केरीकर

सर्वांचे आभार. कोलंबियाकर, तुमची विनंती मान्य आहे, आणि २०१९ च्या त्या शेवटच्या सामन्याविषयी मला काहीच ठाऊक नव्हते.

शिकवणीताई, तुमच्या प्रतिसादानंतर बॅनरचा प्रश्न मी बाजूला ठेवत आहे. जुन्या खेळाडूंना परत येऊन पदवी पूर्ण करता यावी यासाठी विद्यापीठाने २०१४ मध्ये 'कम्प्लीट कॅरोलिना' हा उपक्रम सुरू केला होता. त्याचा लाभ पेपर क्लासच्या काळातील किती खेळाडूंनी घेतला आणि ज्यांची पदवी त्याच वर्गांवर पूर्ण झाली त्यांना आज पुन्हा शिकायचे असल्यास काय सोय आहे, हे विचारणारे पत्र मुलगी माजी विद्यार्थिनी म्हणून लिहिणार आहे. मसुदा आम्ही दोघे मिळून करत आहोत. उत्तर आले की ते याच धाग्यावर देईन.