केनेचा 'स्तेरील' वर्ग : अनुत्पादक, वांझ की अजून काही?

प्रश्न : फ्रांस्वा केनेबद्दल वाचतोय, १८व्या शतकातला फ्रेंच अर्थतज्ज्ञ. सुतार, विणकर, व्यापारी, म्हणजे शेतीबाहेरचे सगळे, यांना तो 'क्लास स्तेरील' म्हणतो. नोट्समध्ये 'अनुत्पादक वर्ग' दिलंय, एका ठिकाणी सरळ 'वांझ'. विणकराने कापड विणलं तर ते उत्पादन नाही का?

– आहे ना, केनेही ते नाकारत नाही. तो फक्त विचारतो की कापडासाठी खर्ची किती पडलं आणि हातात काय आलं. देशातलं उत्पन्न कोणत्या वर्गाकडून कुठे जातं हे दाखवणारा त्याचा तक्ता आहे, त्याची १७६६ची मांडणी बघा, शेतकरी वर्षाला ५ अब्ज लिव्ह्रचं (तेव्हाचं फ्रेंच चलन) पिकवतात, त्यातले २ अब्ज बी-बियाणं, मजुरी, खाणंपिणं यात जातात, १ अब्ज औतं-जनावरांची झीज वगैरे भरून काढायला, आणि उरलेले २ अब्ज खंड म्हणून जमीनमालकाला. हे २ अब्ज म्हणजे त्याचं 'प्रोद्वी नेत', निव्वळ उत्पादन. कारागिरांकडेही २ अब्जाचा माल तयार होतो, पण १ अब्जाचा कच्चा माल आणि १ अब्जाचं धान्य त्यांनी शेतकऱ्यांकडूनच घेतलेलं असतं. गेलं तेवढंच आलं, वर काही उरलं नाही. एवढ्याच अर्थाने स्तेरील, त्यामुळे 'अनुत्पादक' वाचून आळशी, निरुपयोगी असं जे मनात येतं ते केनेच्या डोक्यात नव्हतं.

– मग 'भाकड' कसा वाटतो? अस्सल मराठी आणि शेतीतलाच.

– शब्द छान आहे पण इथे बसत नाही हो. भाकड गाय वैरण खाते आणि दूध देत नाही, केनेचा विणकर खाल्लं तेवढं पुरेपूर परत देतो. आणि 'वांझ'वर तर ॲडम स्मिथनेच आक्षेप घेतलाय, १७७६च्या ग्रंथात. तो म्हणतो, एखाद्या जोडप्याला एक मुलगा एक मुलगी झाली, आईबापांच्या जागी दोन माणसं आली, तर त्या लग्नाला आपण वांझ म्हणू का? स्मिथ पॅरिसमध्ये केनेला भेटलेला, त्याला मानायचा, तरी या शब्दावर टीका करायचं त्याने सोडलं नाही. शिवाय आपल्याकडे या शब्दाने बायकांना किती छळलंय, तो कशाला वापरायचा.

– केने डॉक्टर होता ना? शेतीचं एवढं कुठून आलं?

– हो, १७४९ पासून व्हर्सायला, राजा पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पाँपादूर हिचा वैद्य, राहायलाही राजवाड्यातच. पण जन्म १६९४चा, पॅरिसजवळच्या मेरे गावचा. फ्रेंच विश्वकोशातल्या त्याच्या १७५६च्या लेखात शेतकऱ्यांचंच सगळं आहे, घोडे लावून मोठी शेती करणारा पैसेवाला एकीकडे आणि बैल घेऊन अर्धेलीने कसणारा गरीब दुसरीकडे. त्याचं म्हणणं, दुसऱ्याकडे आगाऊ घालायला पैसाच नाही म्हणून जमीन कमी देते, कराचा बोजा शेतकऱ्यावर टाकू नका, वर उरतं त्यावरच एक कर लावा आणि धान्याचा व्यापार मोकळा करा. हे धरून वाचलं तर स्तेरील ही शिवी वाटत नाही, कर कुठून निघू शकतो आणि कुठून नाही याचा तो हिशेब आहे.

– मग मी काय लिहू?

– 'प्रोद्वी नेत'ला 'वाढावा' लिहा, संस्थांच्या जमाखर्चात खर्च जाऊन उरतं त्याला म्हणतात तोच. त्यावरून 'बिनवाढाव्याचा वर्ग'. 'वरकड' टाळा, तो मार्क्सच्या वरकड मूल्यात अडकलाय आणि तिथे वाढ श्रमातून येते, केनेकडे जमिनीतून. परीक्षेत मात्र 'अनुत्पादक' लिहून पुढे एक ओळ खुलासा टाका, मार्क जायला नकोत.