मदत हवी आहे : लेआउटमधलं पावसाचं पाणी जिरतंय की नाही, हे सिद्ध कसं करायचं?

जुळेसोलापूरकर
रविवारी मीटिंग आहे, लवकर सांगा. बिल्डरने पाणी जिरवायला झाडांचे खोलगट वाफे, रस्त्याकडेला खडीचे चर आणि पार्किंगमध्ये जाळीचे पेव्हर (पाणी झिरपणारे फरशीचे ब्लॉक) केलेत. तो म्हणतो सगळं झकास चाललंय, शेवटचा हप्ता सोडा. निम्मे सभासद म्हणतात देऊन टाका, निम्मे म्हणतात पुरावा दाखवा. पुरावा म्हणून काय मागायचं? "इंजिनिअरला विचारा" हे उत्तर नको.

मुरूम_आणि_मी
वाफ्यांना पाणी किती जागेचं येतं? वाफे किती मोठे, किती खोल? जास्तीचं पाणी कुठे जातं? खाली माती कुठली? यातलं काहीच लिहिलं नाही, सांगणार काय डोंबल!

जुळेसोलापूरकर
काळी माती, आपल्याकडे दुसरी कुठली असणार? जूनच्या पहिल्या पावसात मी स्वतः उभा राहून बघितलंय, टिपूस साचलं नाही.

होटगीरोडवाला
एवढं डोकं कशाला लावता बे? सगळं पाणी बोअरमध्ये सोडा. आमच्याकडे केलंय, भर मे महिन्यात बोअर चालतो.

निवृत्त_पाटबंधारे
रस्त्याचं पाणी बोअरमध्ये सोडायला सांगू नका. ऑइल, टायरची धूळ, कुत्र्यांची घाण, सगळं थेट खाली जातं. गच्चीचं पाणी सोडा, तेही पहिले पाऊस वाहून जाऊ देऊन आणि फिल्टर लावून. शिवाय धागा बोअरचा नाही.

होटगीरोडवाला
अनुभव सांगितला, काका. पटत नसेल तर सोडा.

सातरस्ता_अक्का
आधी डासांचं बघा. डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत तयार होतो. नळाला रोज पाणी नाही म्हणून घरोघरी पिंपं भरलेली, त्यात आता दारात ही तळी!

मुरूम_आणि_मी
अक्कांचा मुद्दा कामाचा आहे, पुढे येतो. आधी जूनचं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पहिला पाऊस भेगांतून गडप होतो. तेव्हा काहीही केलं नसतं तरी पाणी दिसलं नसतं! माती भिजून फुगली की भेगा मिटतात आणि जिरण्याचा वेग तासाला ५ मिमीच्या आत येतो. आपल्याकडचा खरा पाऊस सप्टेंबरचा. परीक्षा तेव्हा घ्यायची, जूनमध्ये बघितलेलं पुरावा म्हणून धरू नका. आता आकडे टाका.

जुळेसोलापूरकर
छपरं आणि रस्ता मिळून ६००० चौ.मी. वाफे सगळे मिळून १५० चौ.मी., खोली २० सेमी. जास्तीचं पाणी पाइपने नाल्यात. चर आणि पेव्हरचं माहीत नाही.

मुरूम_आणि_मी
१ मिमी पाऊस १ चौ.मी.वर पडला की १ लिटर. २० मिमी पडला तर तुमच्याकडे १,२०,००० लिटर. थोडं वाया धरलं तरी लाखभर वाफ्यांकडे येणार. वाफ्यांत मावतं ३०,००० लिटर. म्हणजे साधारण ६ मिमीतच भरले.

जुळेसोलापूरकर
म्हणजे फसवलं आम्हाला?

मुरूम_आणि_मी
तसं लगेच म्हणता येत नाही. रिमझिम पाऊस अडवायचा, मोठा नाल्यात जाऊ द्यायचा, असंही डिझाइन असतं. चरांत किती मावतं तेही यात नाही. म्हणून पहिला प्रश्न: हे किती मिमीच्या पावसासाठी बांधलं, लेखी द्या.

नवीपेठ_प्लॅनर
राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीत ५०० चौ.मी. आणि वरच्या प्लॉटला पावसाचं पाणी जिरवायची सोय बंधनकारक आहे. बिल्डरकडे भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला पालिकेचा दाखला) असेल तर विषय संपला.

निवृत्त_पाटबंधारे
प्रमाणपत्राने खड्डा आहे एवढंच कळतं. तो पाणी पितो का, हे पावसात मोजूनच कळतं. सरळ भिंतीचं भांडं उघड्यावर ठेवा, तोच पर्जन्यमापक. नाल्याच्या पाइपाआधीच्या चेंबरमध्ये इंग्रजी V सारखी ९० अंशांची खाच पाडलेली पत्र्याची फळी बसवा. खाचेच्या तळापासून पाणी १० सेमी चढलं तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर जातंय. दर पाच मिनिटांनी उंची लिहा. भांड्यातल्या मिमीवरून आलेलं पाणी काढा, त्यातून गेलेलं वजा करा, उरलं ते अडलं.

होटगीरोडवाला
भर पावसात फळीपाशी कोण उभं राहणार? काका, सोसायटी आहे ती, उजनी धरण नाही.

निवृत्त_पाटबंधारे
पाचशे रुपये दिले तर वॉचमन उभा राहील.

मुरूम_आणि_मी
निदान हे तरी करा. वाफ्यात भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप गाडा आणि पाऊस थांबल्यावर पट्टीने पाणी मोजत राहा. तासाला ५ मिमीने २० सेमी उतरायला ४० तास. तीन दिवसांनीही पाणी असेल तर वाफा नापास, आणि तसंच आठ-दहा दिवस राहिलं तर अक्का म्हणतात ते डासही आलेच. पेव्हरवर ३० सेमी व्यासाची रिंग कडेने पुट्टी लावून बसवा, मोजून पाणी ओता, वेळ घ्या. तीच जागा दरवर्षी तपासा. आपल्याकडची बारीक धूळ जाळी बुजवते, आणि झाडू मारायचं कंत्राट कोणी देत नाही. आणि अशी काहीही सोय नसलेल्या शेजारच्या गल्लीचं पाणी त्याच पावसात मोजा, नाहीतर तुलना कशाशी?

विजापूररोड_७
गच्चीतून स्लॅब गळतोय, त्याला कोणतं केमिकल चांगलं?

नवीपेठ_प्लॅनर
मोजायचं ठीक, पण सप्टेंबरपर्यंत पैसे अडवले तर बिल्डर कोर्टात जाईल.

जुळेसोलापूरकर
निम्मा हप्ता आता, निम्मा सप्टेंबरच्या मोजणीनंतर, असा ठराव मांडतो. डिझाइनचा आकडा आजच मागवतो. ती खाचेची फळी कुठे मिळते?

निवृत्त_पाटबंधारे
मिळत नाही, करून घ्यावी लागते. कुठलाही फॅब्रिकेशनवाला पत्रा कापून देईल. खाचेची धार पातळ ठेवायला सांगा आणि चेंबरची रुंदी इथे टाका, मापं काढून देतो.